तात (तंतुवाद्यांची)
मेंढी किंवा बकरीच्या आतड्याला पीळ देऊन, ताणून वाळवलेली वाद्याची तार. सारंगीच्या तीन मुख्य तारा तातीच्या. मानवी गळ्याशी असलेली सारंगीची जवळीक बरीचशी या तारांचीच देणगी. मदेइरा बेटावरून १८७९ साली होनोलुलूत आलेल्या पोर्तुगीजांच्या छोट्या गिटारवजा वाद्यांतून युकुलेले घडले; त्यालाही आरंभी तातच असे. दुसऱ्या महायुद्धात तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांकडे वळली आणि पुढे नायलॉन रूढ झाले. तात हवेतला ओलावा शोषते, सूर ढळतो. त्यामुळे पालघर, बोईसर-तारापूरच्या दमट किनारी हवेत, विशेषतः पावसाळ्यात, युकुलेलेला नायलॉनच सोयीचे. तरीही तातीचा मऊ, ऊबदार नाद नायलॉनला पुरता साधत नाही. ती लावायचीच तर वाद्य कोरड्या पेटीत ठेवावे, प्रत्येक बैठकीपूर्वी सुरात मिळवावे आणि तंतू सुटू लागताच तार बदलावी.