बीड रोडवरचा ट्रक आणि आयसी 491

पडेगाव-मिटमिट्यापासून चिकलठाणा विमानतळ म्हणजे शहराचं दुसरं टोक. त्यामुळे 1993 च्या विमान अपघाताची गोष्ट आपल्याकडे ऐकीवच जास्त. "ट्रकवाला आडवा आला अन् विमान पडलं," एवढ्यात ती संपते. नव्या पोरांना तर ती थापच वाटते. विमानाची आणि ट्रकची टक्कर कशी होईल? झाली होती. आणि ट्रकवाला आडवा वगैरे आला नव्हता, तो आपल्या रस्त्याने चालला होता. पोस्ट लांब आहे, पण आपल्याच शहराचा इतिहास आहे, वाचाच.

तारीख 26 एप्रिल 1993, सोमवार. भर दुपार. मुंबईत बॉम्बस्फोट होऊन जेमतेम दीड महिना झालेला. दोनच दिवस आधी इंडियन एअरलाइन्सचं एक विमान अपहरण करून अमृतसरला नेलेलं, कमांडोंनी ते सोडवलं होतं. त्याच कंपनीचं दुसरं विमान, आयसी 491, दिल्ली-जयपूर-उदयपूर करत तेव्हाच्या औरंगाबादला आलं आणि इथून मुंबईला निघालं. बोईंग 737, आत 112 प्रवासी आणि 6 कर्मचारी. म्हणजे चांगलंच भरलेलं.

एप्रिलमधलं आपलं ऊन सांगायला नको. पण उन्हाचा विमानाशी संबंध आहे. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोरही थोडा उतरतो. त्यामुळे तेच विमान थंडीत जेवढं धावून उडतं, त्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त धावावं लागतं. हे वैमानिकांना माहीत असतं. म्हणून वजन, तापमान आणि धावपट्टीची लांबी धरून प्रत्येक उड्डाणाआधी एक वेग काढलेला असतो. त्या वेगाला पोचलं की नाक वर घ्यायचं. ह्याला म्हणतात 'रोटेशन'. उशीर करायचा नाही, आणि नाक उचलायचं तेही ठरलेल्या गतीने.

त्या दिवशी नाक उशिरा उचललं गेलं आणि उचलण्याची पद्धतही चुकली. विमानाने जमीन सोडली ती जवळपास धावपट्टी संपता संपता.

धावपट्टीच्या पूर्व टोकापलीकडे आडवा बीड रोड. त्यावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे एक ट्रक चालला होता, कापसाच्या दाबलेल्या गाठी भरून. आपल्या मराठवाड्यात ह्यापेक्षा साधं दृश्य कुठलं? विमानाचं डावं मुख्य चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. धावपट्टीच्या टोकापासून साधारण 410 फुटांवर, आणि रस्त्यापासून जेमतेम सात फूट उंचीवर.

सात फूट! उंच माणसाने हात वर केला तर लागेल एवढं. प्रवासी विमानाच्या उड्डाणाचा हिशेब असा असतो की, अगदी एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या अंतराच्या शेवटी ते निदान 35 फुटांवर असावं. इथे तर दोन्ही इंजिनं चालू होती. आणि 410 फूट म्हणजे सव्वाशे मीटर. उडताना विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धरला तर हे अंतर दोन सेकंदसुद्धा पुरत नाही. एवढ्याशा उशिराचा हा खेळ.

त्यानंतर जखमी विमान ईशान्येकडे जेमतेम तीन किलोमीटर गेलं, उच्चदाबाच्या वीजतारांना अडकलं, जमिनीवर आदळलं आणि पेटलं. 55 माणसं गेली. 63 वाचली.

आता चौकशीचं. निष्कर्षात दोन कारणं आहेत, आणि आपण निम्मंच लक्षात ठेवतो. पहिलं, वैमानिकांची चूक: उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने रोटेशन. दुसरं, विमानांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेलं अपयश. ट्रक-ड्रायव्हरला दोष दिलेला नाही. तरी पंचवीस-तीस वर्षं आपण बोलतो काय, तर "ट्रकवाला आडवा आला"!

वैमानिकांची चूक झाकायची नाही. ती झाली नसती तर विमान ट्रकवरून आरामात निघून गेलं असतं, आणि ड्रायव्हरने फार तर मान वर करून पाहिलं असतं. पण माणूस चुकणार, हे धरूनच बाकीची व्यवस्था उभी करायची असते. शिवाजीनगरच्या गेटवर एका रेल्वेसाठी आपण वर्षानुवर्षं गाड्या बंद करून उभे राहिलो, शिव्या देत का होईना. जिब्राल्टरमध्ये तर शहराचा मुख्य रस्ताच धावपट्टीवरून जायचा, आणि विमान आलं-गेलं की फाटक पडायचं. 2023 मध्ये त्यांनी गाड्यांसाठी बोगदा केला, तोपर्यंत हे असंच चाललं. चिकलठाण्याला तर दिवसाला मोजकी विमानं. तेवढ्या वेळेपुरता रस्ता थांबवायला किती माणसं लागली असती? दोन? चार?

ज्या प्राधिकरणावर हा ठपका आला ते 1 एप्रिल 1995 ला भारतीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झालं. नाव गेलं, पाटी बदलली.

धावपट्टी वाढवायची म्हणून चिकलठाणा, मुकुंदवाडी, मुर्तजापूरच्या जमिनींचा विषय आता पेपरात येत असतो. चर्चा सगळी मोबदल्याची आणि मोठी विमानं कधी उतरणार ह्याची. दोन्ही रास्त आहेत. पण पुढच्या वेळी आपले लोकप्रतिनिधी नकाशा घेऊन बोलायला बसले की त्यांना एक विचारा: नवी धावपट्टी जिथे संपते, तिथून पहिला रस्ता किती फुटांवर आहे, आणि विमान उडताना तो कोण थांबवणार?