पैनगंगेपलीकडचं कोर्ट

आजचा एपिसोड कोर्टकचेरीचा आहे, पण स्किप करू नका. गोष्ट आपल्या परभणीची आहे.

1948 पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. हिंगोलीही तेव्हा त्यातच. उत्तरेला पैनगंगा आणि नदी ओलांडली की वऱ्हाड. नावाला वऱ्हाडही निजामाचंच, पण 1853 पासून कारभार इंग्रजांचा. दोन्ही काठांवर मराठी, बाजार एक, सोयरिकी एकमेकांत. कोर्टं मात्र परकी.

समजा, हिंगोलीच्या सावकाराचे पैसे वाशीमच्या व्यापाऱ्याने बुडवले. सावकार हिंगोलीत दावा लावतो. कामकाज उर्दूत. व्यापारी फिरकतच नाही, म्हणून एकतर्फी हुकूमनामा होतो. पण वसुली करायची कशातून? जमीन, दुकान सगळं नदीपलीकडे! थेट बजावणीची खास सोय सरकारने केलेली नसेल, तर तिकडे पुन्हा नवा दावा लावायचा. आणि तिथे व्यापारी विचारणार, ‘त्या कोर्टाला माझ्यावर अधिकारच कुठे होता?’

हा प्रश्न पोकळ नव्हता. पंजाबात फरीदकोटच्या राजाने आपल्या माजी खजिनदारावर स्वतःच्याच राज्यात पैशाचा दावा लावला. खजिनदार आधीच राज्य सोडून गेलेला, तो हजरच झाला नाही. 1894 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं, जो तुमच्या हद्दीत राहत नाही आणि ज्याने तुमचं कोर्ट मानलेलं नाही, त्याच्यावरचा असा निकाल बाहेर शून्य. सावकाराला हे जाचक वाटणार. पण मला विचाराल तर नियम बरा होता. राजाच वादी आणि कोर्टही राजाचंच, मग समोरच्याने जायचं कुठे?

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद भारतात आलं. एप्रिल 1951 पासून 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता इथेही लागू झाली आणि वाशीम-हिंगोलीची कोर्टं एका कायद्याखाली आली.

जुन्या निकालांचं काय? ग्वाल्हेरच्या सरदार शितोळ्यांना नोव्हेंबर 1948 मध्ये तिथल्या कोर्टातून उत्तर प्रदेशातल्या लोकांविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा मिळाला होता. बजावणीसाठी ते अलाहाबादला गेले. प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं आणि 1962 मध्ये बहुमताने ते हरले. निकाल लागला त्या दिवशी ग्वाल्हेरचं कोर्ट परकं होतं, नंतर देश एक झाला म्हणून तो निकाल जिवंत होत नाही. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं, आणि शितोळ्यांची चिडचिड मला समजते.

युरोपने दुसरी वाट धरली. सीमा ठेवल्या आणि नियम बदलले. 1968 च्या ब्रुसेल्स करारात ठरलं की साधारणपणे प्रतिवादी राहतो त्या देशात दावा लावायचा. म्हणजे फरीदकोटच्या खजिनदाराचंच म्हणणं! तरी एका देशाचा निकाल दुसऱ्या देशात चालवायला तिथल्या कोर्टाची वेगळी मंजुरी लागायची. 2012 च्या सुधारित नियमांनी ती काढली, जानेवारी 2015 पासून.

आपल्याकडे आता पैनगंगेची अडचण नाही, दुबईची आहे. जानेवारी 2020 पासून अमिरातीतल्या ठरावीक कोर्टांचे पैशाचे निकाल आपल्या जिल्हा कोर्टात थेट बजावणीला येऊ शकतात. म्हणजे तिकडे बँकेचं कर्ज थकवून परभणीला परतलेल्याच्या दारात ते कर्ज येऊ शकतं. जर्मनीच्या निकालाला मात्र अजून इथे नवा दावाच लावावा लागतो.