फॅगची चाकरी

विंचेस्टर शाळेच्या फुटबॉलच्या मैदानाला एके काळी कुंपण नव्हतं. मैदानाच्या दोन्ही बाजूंना धाकट्या मुलांच्या रांगा उभ्या केल्या जात, आणि बाहेर येणारा चेंडू पायाने पुन्हा आत ढकलणं हे त्यांचं काम असे. इंग्लंडातला हिवाळा, अंगाला झोंबणारा वारा, खेळ थोरल्यांचा आणि ही पोरं मात्र तो संपेपर्यंत जागेवरून हलायची नाहीत. पुढे त्या रांगांच्या जागी लाकडी ताट्या आल्या, मग जाळी आली. क्रिकेटच्या मोसमातही फार वेगळं नव्हतं. थोरले फलंदाजीचा सराव करत आणि धाकटे दुपारभर चेंडूमागे धावत.

ताटीच्या जागी मूल उभं करणारी ही व्यवस्था म्हणजे फॅगिंग. इंग्लंडच्या जुन्या निवासी शाळांत नवा आलेला मुलगा वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचा ‘फॅग’ होई. त्याचे बूट पुसायचे, खोली झाडायची, चहा करायचा, पाव भाजायचा, निरोप पोचवायचे. चुकलं तर मार. ईटनमध्ये थोरला मुलगा जिन्याच्या तोंडाशी उभा राहून लांबलचक हाक मारी. ऐकणाऱ्या सगळ्या फॅगनी धावत सुटायचं आणि जो सर्वांत शेवटी पोचेल त्याच्या गळ्यात काम पडायचं. वर्षानुवर्षं त्या इमारतींमधून अशी धावपळ चालू होती.

ही प्रथा कुणी एकाने ठरवून सुरू केलेली नाही. तिचं मूळ शोधत गेलं की आपण १३८२ सालात पोचतो. त्या वर्षी बिशप विल्यम ऑफ विकम यांनी विंचेस्टरची शाळा स्थापली, सत्तर गरजू विद्यार्थ्यांसाठी. मुलं एकेका मोठ्या खोलीत एकत्र राहत. प्रत्येक खोलीत वयाने मोठी, समजूतदार अशी निदान तीन मुलं असावीत आणि त्यांनी बाकीच्यांच्या वागणुकीवर, अभ्यासावर लक्ष ठेवावं, असा नियम संस्थापकांनी घालून दिला. त्यात वाईट काही नव्हतं. घरातही थोरला भाऊ धाकट्याकडे बघतोच. १४४० मध्ये राजा सहावा हेन्री याने ईटन उभारलं ते याच नमुन्यावर.

ईटनमधल्या दिनक्रमाचं १५६० च्या सुमाराचं एक टिपण उपलब्ध आहे. तिथले मुख्याध्यापक विल्यम मॅलिम यांनी ते लिहिलं. पहाटे उठून प्रार्थना झाली की प्रत्येक मुलाने आपलं अंथरूण आवरायचं, आपल्या पलंगाखालचा केर खोलीच्या मधोमध लोटायचा, आणि मग नेमून दिलेल्या चौघांनी तो गोळा करून बाहेर नेऊन टाकायचा. मला या कुळकथेतली ही सर्वांत महत्त्वाची नोंद वाटते. इथे अजून ज्याचा केर त्यानेच काढायचा आहे. देखरेख करणारी थोरली मुलं आहेत, पण त्यांचा केर धाकट्यांच्या माथी आलेला नाही. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत नेमकं ते झालं, आणि देखरेखीची चाकरी झाली.

का झाली? माझ्या मते उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. फी भरणाऱ्या मुलांची संख्या वाढत गेली, शिक्षक आणि नोकर त्या प्रमाणात वाढले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईटनचे मुख्याध्यापक जॉन कीट एकटे शंभराहून जास्त मुलांचा वर्ग एका दालनात घेत. वर्गात ही गत, तर रात्री काय असेल! ईटनच्या ‘लाँग चेंबर’ या शयनगृहात पन्नासेक मुलं झोपत. संध्याकाळी बाहेरून कुलूप लागे ते सकाळी उघडे. आत मोठं माणूस एकही नाही. उंदरांचा सुळसुळाट, कडाक्याची थंडी, आणि राज्य थोरल्या मुलांचं. पाणी कोण आणणार, शेकोटी कोण पेटवणार, खायला कोण करणार, या प्रश्नांची उत्तरं शाळेने दिली नाहीत. ती मुलांनी आपसात दिली, आणि मुलांत ज्याचं बळ त्याचा शब्द असतो.

कवी शेली १८०४ मध्ये ईटनला गेला. फॅगिंगपुढे त्याने मान तुकवली नाही आणि त्याची किंमत टवाळी आणि छळ सोसून मोजली.

विंचेस्टरचे माजी विद्यार्थी रॉबर्ट मॅन्सफील्ड १८३५ च्या सुमारास तिथे शिकत होते. त्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक पुढे १८६६ मध्ये छापलं. त्यात ‘टिन ग्लव्ह्ज’ नावाचा प्रकार येतो. नव्या मुलाला चुलीवरची तापलेली भांडी उचलावी लागत आणि त्याचे हात भाजत. मग हात निबर व्हावेत म्हणून थोरला मुलगा शेकोटीतलं जळकं लाकूड घेई आणि त्या मुलाच्या हाताच्या पाठीवर मनगटापासून बोटांच्या सांध्यांपर्यंत डागण्या देई. एक चिमटा किंवा जाड फडकं पुरलं असतं. ते कुणी आणून दिलं नाही, आणि मुलाच्या कातडीने ते काम भागवलं.

त्याच शाळेत कादंबरीकार अँथनी ट्रॉलप शिकले. शाळेच्या रिवाजाप्रमाणे धाकटा मुलगा थोरल्याच्या हाती सोपवला जाई. ट्रॉलप यांच्या वाट्याला आला त्यांचा सख्खा भाऊ. तो रोज त्यांना मोठ्या काठीने बडवत असे. ट्रॉलप यांचं आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये निघालं, म्हणजे हा मार त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं मनात बाळगला. दोघे भाऊ पुढे चांगले मित्र झाले हेही त्यांनी लिहिलं आहे. रिवाज किती खोल मुरला होता ते यावरून कळतं. भाऊ भावाला मारत होता आणि शाळेच्या लेखी ते शिक्षण होतं.

या चाकरीला तत्त्वज्ञान मिळालं ते रग्बी शाळेत. टॉमस अर्नल्ड १८२८ मध्ये तिथे मुख्याध्यापक झाले आणि १८४२ पर्यंत, मृत्यूपर्यंत, होते. त्याआधी या शाळांनी मुलांची बंडं पाहिली होती. १७९७ मध्ये रग्बीत आणि १८१८ मध्ये विंचेस्टरला मुलांना आवरायला सैनिक आणावे लागले. अर्नल्ड यांनी सर्वांत वरच्या वर्गातल्या मुलांना विश्वासात घेतलं आणि शिस्तीचा अधिकार रीतसर त्यांच्या हाती दिला. १८३५ मध्ये लेख लिहून त्यांनी फॅगिंगचं समर्थनही केलं. मुलं एकत्र राहिली की कुणाचं तरी राज्य चालणारच, ते वयाने आणि बुद्धीने पुढे असलेल्यांचं नसेल तर दांडगटांचं होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. अर्नल्ड प्रामाणिक होते. वसतिगृहं शिक्षकांच्या ताब्यात आणण्याचं काम त्यांनीच पुढे नेलं. तरीही हा युक्तिवाद मला पटत नाही. थोरला मुलगा की दांडगट मुलगा, एवढ्या दोनच वाटा त्यात आहेत. रात्री मुलांजवळ जबाबदार मोठं माणूस असावं, या तिसऱ्या वाटेला पैसे पडतात.

अर्नल्ड यांचे विद्यार्थी टॉमस ह्यूज यांनी १८५७ मध्ये ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ लिहिली आणि रग्बी घरोघरी पोचली. त्यातला फ्लॅशमन टॉमला शेकोटीपुढे धरून भाजतो. वाचक हळहळले, पण कादंबरीने दोष दिला तो वाईट थोरल्याला. व्यवस्था निर्दोष सुटली.

१८६१ मध्ये सरकारने नऊ नामांकित शाळांच्या चौकशीसाठी क्लॅरेन्डन आयोग नेमला. १८६४ च्या अहवालात आयोगाने फॅगिंग मोडायला सांगितलं नाही. जी कामं नोकरांनी करायची ती मुलांकडून करून घेऊ नयेत, एवढंच सुचवलं. म्हणजे दुखणं त्यांना दिसलं होतं. १८७२ मध्ये विंचेस्टरला एका प्रीफेक्टने, म्हणजे शिस्तीचा अधिकार असलेल्या थोरल्या मुलाने, मोठ्या वयाच्या एका विद्यार्थ्याला लवचीक छडीने तीस फटके मारले. मुलाचा गुन्हा असा, की शाळेतली खास बोली येते की नाही याच्या परीक्षेला तो बसला नाही. प्रकरण ‘टाइम्स’मध्ये गाजलं, पत्रांचा पाऊस पडला. प्रथा मात्र त्यानंतर शंभर वर्षं टिकली.

टिकली, कारण प्रत्येक फॅगला ठाऊक असे की चार वर्षांनी आपलीही पाळी येणार आहे. थोरल्यांचा दरारा किती होता, हे दाखवणारा हॅरो या अशाच शाळेतला एक प्रसंग चर्चिल यांनी आपल्या आठवणींत सांगितला आहे. शाळेत नव्या आलेल्या चर्चिलने पोहण्याच्या तलावाकाठी उभ्या असलेल्या एका बुटक्या मुलाला मागून पाण्यात ढकललं. तो निघाला वरच्या वर्गातला लिओ एमरी, आपल्या वसतिगृहाचा प्रमुख. चर्चिलची घाबरगुंडी उडाली आणि त्याला जाऊन माफी मागावी लागली. हा एमरी गोरखपुरात जन्मला होता. १९४० ते १९४५ या काळात तो चर्चिलच्या मंत्रिमंडळात भारतमंत्री होता. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांनी हुकूम सोसणं आणि हुकूम सोडणं या दोन्हींचे धडे अशा वसतिगृहांत गिरवले होते.

सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या नाहीत. सी. एस. लुईस १९१३ मध्ये माल्व्हर्नला गेले. अभ्यासाच्या वेळात थोरल्यांचे बूट घासून ते इतके थकत, की त्यांनी स्वतःची तुलना कारखान्यात राबणाऱ्या मुलाशी केली आहे. त्यांचा थोरला भाऊ त्याआधी त्याच शाळेत शिकला होता. त्याचं शाळेवर प्रेम होतं आणि धाकट्याचं हे वर्णन त्याला मान्य नव्हतं. मी दोघांवरही विश्वास ठेवते. एकाच जिन्याच्या वरच्या आणि खालच्या पायरीवरून शाळा वेगळी दिसते.

रोआल्ड डाल १९३० ते १९३४ रेप्टनला होते. शौचालयं बाहेर, थंडीत गारठलेली. थोरल्याने जायच्या आधी फॅगने तिथे बसून बैठक गरम करून ठेवायची. डाल यांच्या बुडाला ऊब चांगली असल्याचं ठरलं आणि हे काम कायमचं त्यांच्याकडे आलं. तिथे बसून त्यांनी डिकन्स वाचून काढला. ‘बॉय’ या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आहे, आणि छड्यांचे वळही आहेत. मोठेपणी मुलांसाठी लिहिताना डाल नेहमी मुलाच्या बाजूने का उभे राहतात, हे हे पुस्तक वाचल्यावर विचारावं लागत नाही.

१९६० आणि १९७० च्या दशकांत एकेक शाळेने फॅगिंग सोडलं. ईटनमध्ये १९८० पर्यंत ते संपलं. छडी त्याच्यापेक्षाही चिवट निघाली. इंग्लंडच्या सरकारी शाळांत ती १९८७ मध्ये, तर खासगी शाळांत १९९९ मध्ये कायद्याने बंद झाली.

हाउस आणि प्रीफेक्ट ही त्या शाळांची रचना आपल्याकडेही आली. अजमेरचं मेयो कॉलेज १८७५ चं, डेहराडूनचं डून स्कूल १९३५ चं. डूनचे पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट हे ईटनमध्ये शिकवून आलेले. सातारची सैनिक शाळा, देशातली पहिली, १९६१ मध्ये सुरू झाली. थोरल्यांनी धाकट्यांना छळण्याविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे.

कायदा तक्रार आल्यावर जागा होतो, आणि दहा वर्षांचं मूल सहसा तक्रार करत नाही. म्हणून निवासी शाळा असो, आश्रमशाळा असो की वसतिगृह, मुलाला तिथे ठेवण्यापूर्वी पालकांनी निकाल आणि मैदान पाहून परत फिरू नये. रात्री दिवे मालवल्यावर मुलांच्या खोलीजवळ किती मोठी माणसं झोपतात, त्यांची नावं काय, आणि मुलांचे कपडे, ताटं, बादल्या कोण उचलतं, हे विचारावं. उत्तर ‘मोठी मुलं बघतात’ असं आलं, तर ती शाळा नाकारावी.