पीळ आधी, सूत्र नंतर

1857 म्हटलं की आपल्याला एनफिल्डची काडतुसं आठवतात. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हाइद इथे या एनफिल्डची चाचणी झाली. समोर होती मँचेस्टरचे इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थ यांची रायफल.

दोन्हींच्या गोळ्यांचं वजन जवळपास सारखंच, 530 ग्रेन. पण एनफिल्डची नळी 0.577 इंचाची, तर व्हिटवर्थची 0.451. तेवढंच शिसं बारीक नळीत बसवायचं म्हणजे गोळी लांब होणार. अशा गोळीला हवा कमी अडवते, पण ती कोलांटते पटकन. सरळ ठेवायची तर भोवऱ्यासारखी जोरात फिरवावी लागते. एनफिल्डच्या नळीत 78 इंचांत एक फेरा होता. व्हिटवर्थनी प्रयोग करत तो 20 इंचांवर आणला. लांब पल्ल्यावर एनफिल्ड पार मागे पडली. तरी सैन्याने नवी रायफल स्वीकारली नाही: किंमत जास्त, आणि बारीक नळीत काजळीही लवकर साचायची.

यामागचं सूत्र वुलिचचे गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी मांडलं ते 1879 मध्ये. गोळीच्या व्यासाच्या वर्गाला 150 ने गुणा, लांबीने भागा. लांबी व्यासाच्या तिप्पट धरली, तर व्हिटवर्थसाठी उत्तर येतं साधारण साडेबावीस इंच. करून बघा! सूत्रात गोळीचं वजन नाही, लांबी आहे.

म्हणून प्रपोजल लिहिताना ‘आधी सिद्धांत, मग उपयोग’ हा क्रम गृहीत धरू नका. आधी सनावळ्या तपासा.