डिझेल इंजिनाचे बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग

डिझेल इंजिनाचे झिजलेले भाग कापून, घासून किंवा त्यांत नवा लायनर बसवून पुन्हा मापात आणण्याचे काम. एक लेथ, उभे बोअरिंग मशीन, होनिंगचे हेड आणि मापाची चार चांगली हत्यारे एवढ्यावर तालुक्याच्या गावातला वर्कशॉप चालतो. महाराष्ट्रात या धंद्याचे जुने गिऱ्हाईक म्हणजे विहिरीवरचे पंप. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली; राजकोटकडून लिस्टर पद्धतीची, मिनिटाला ६५० फेऱ्यांची संथ इंजिनेही आली. शेतावर वीज पोहोचली तसे हे काम ट्रॅक्टर, जनरेटर आणि कोकणातल्या मासेमारी नौकांकडे वळले.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सोळा-सतरा पट दाबलेली हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. म्हणून दाब निसटू लागला की पहिली तक्रार येते ती थंडीच्या सकाळी इंजिन चालू न होण्याची. निळसर धूर आणि ऑइलचा वाढता खप त्याच्या मागोमाग.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तिथे ऑइलचा थर विरतो आणि ज्वलनाचा दाब वरच्या रिंगला भिंतीवर रेटतो. सर्वांत जास्त झीज तिथेच. कनेक्टिंग रॉडच्या तिरक्या रेट्यामुळे बोअर अंडाकृतीही होतो. म्हणून डायल बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घेतात. मशीनचे केंद्र मात्र रिंग पोहोचत नाही अशा न झिजलेल्या पट्ट्यावर धरायचे. झिजलेल्या भागावर धरले, तर कातकाम कितीही गुळगुळीत झाले तरी बोअर मूळ जागेवरून सरकलेला राहतो.

जाणता मिस्त्री पिस्टन हातात आल्याखेरीज टूल लावत नाही. ओव्हरसाइझ पिस्टन सामान्यतः ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर अशा टप्प्यांत मिळतात. जुने मिस्त्री त्यांना अजून दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात, म्हणजे इंचाचे हजारांश. पिस्टन प्रत्यक्ष मोजून त्यात उत्पादकाने दिलेला क्लिअरन्स मिळवतात आणि होनिंगसाठी थोडे साहित्य राखून बोअर कापतात. इथे घाई नडते. कास्ट आयर्नचा ८० मिलिमीटरचा बोअर २० अंशांनी तापला तर साधारण ०.०१७ मिलिमीटरने फुगतो, त्यामुळे होनिंगनंतर लगेच घेतलेल्या मापावर विसंबता येत नाही. होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ऑइल धरून ठेवतात. त्यांत अडकलेली दगडाची पूड नुसत्या डिझेलने निघत नाही. साबण आणि गरम पाण्याने बोअर घासावा लागतो, पांढरे फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत. मग लगेच ऑइलचा हात, नाहीतर गंज चढतो.

शेवटचा टप्पाही संपला की ड्राय लायनर ठोकतात. वेट लायनरच्या इंजिनात बहुधा ही खटपट करतच नाहीत, लायनर-पिस्टनचा किट बदलतात.

क्रँकशाफ्टचे गणित उलटे: पिन बारीक करायची आणि अंडरसाइझ बेअरिंग घालायचे. ज्वलनाचा धक्का पिनेच्या ठराविक बाजूवर बसत राहतो, म्हणून ती अंडाकृती होते. ग्राइंडिंग करताना पिनेच्या कडेचा गोलवा मूळ त्रिज्येचा ठेवावा लागतो. तिथे टोकदार कोपरा राहिला की चीर त्याच जागी सुरू होते. पृष्ठभाग नायट्राइड केलेला असेल तर कठीण थर पातळ असतो आणि जास्त ग्राइंडिंगमध्ये तो निघून जातो. असा क्रँकशाफ्ट लेथवर पॉलिशचाक लावून साधायचा मोह काही जणांना होतो. शहाणा वर्कशॉप तो जिल्ह्याच्या गावी क्रँक ग्राइंडिंग मशीनवर पाठवतो.

हेडचे काम त्या मानाने सोपे. सीट कटरने व्हॉल्व्हची बैठक कापतात, लॅपिंग पेस्टने व्हॉल्व्ह घोळवतात आणि निळा रंग लावून टेकण अखंड आहे का ते पाहतात. हेडचा किंवा ब्लॉकचा पृष्ठभाग घासल्यावर पिस्टन व हेडमधली जागा शिशाची तार दाबून तपासतात.

इंधन पंपाचा प्लंजर आणि त्याचे बॅरल यांना मात्र हा वर्कशॉप हात लावत नाही. त्यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते, आणि पंप-नोझलचे दुकान वेगळे असते.