शालेय भित्तितक्ते : वर्गातून घराकडे

विज्ञानविषयक भित्तितक्ता, म्हणजे संपूर्ण वर्गाला एकाच वेळी दिसावे म्हणून मोठ्या आकारात छापलेले शैक्षणिक चित्र, हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत बहरला. प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट यांची तक्तेमाला १८७७ पासून निघू लागली. पुढे युंग, कोख आणि क्वेन्टेल यांच्या तक्त्यांत काळ्या पार्श्वभूमीवर फुलाचा उभा छेद वा बेडकाची शरीररचना अशी उठून दिसे की मागच्या बाकावरच्या मुलालाही पुंकेसर मोजता यावेत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरणाऱ्या रंगीत शिळामुद्रणामुळे हे साधले. कागदामागे कापड चिकटवून वर-खाली लाकडी दांड्या बसवल्याने तक्ता गुंडाळून ठेवता येई.

महाराष्ट्रात रंगीत शिळामुद्रणाचे हे तंत्र शाळेआधी घरात पोचले, कारण पुण्याच्या चित्रशाळेने (१८७८) आणि रविवर्मा छापखान्याने देवदेवतांची चित्रे माजघराच्या भिंतींवर नेली. पुढे शाळांसाठीच्या १९८७च्या सरकारी खडू-फळा मोहिमेने नकाशे, तक्ते व विज्ञानपेटी ही प्राथमिक शाळेची किमान गरज मानली, हे तिचे मोठेच श्रेय होय.

आज जुने जर्मन तक्ते संग्राहक विकत घेऊन दिवाणखान्यात लावतात. ही आवड स्वागतार्ह आहे. मात्र चौकटीत बसवण्यासाठी दांड्या कापल्या आणि तळाशी छापलेले प्रकाशकाचे नाव छाटले, की त्या तक्त्याचा कालनिर्णय करणेच अवघड होते.