चित्त्याच्या कमरेचा पट्टा

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावयाची, हा उंदरांच्या सभेत न सुटलेला प्रश्न मराठी मुलांना लहानपणापासून ठाऊक असतो. माणसाला तो तितकासा अवघड नाही. घरच्या मांजराच्या गळ्यात घंटा, मणी, रंगीत फीत, काहीही बांधता येते. खरी अडचण पुढेच आहे. त्या घंटेच्या जागी दोर बांधून मांजराला चार पावले आपल्यामागून चालवून पाहावे. दोर ताणला की कुत्रा धन्याकडे पाहतो आणि चालू लागतो; मांजर आडवे पडते. अंगाभोवती पट्टा आवळला, तर पाय लुळे पडल्यासारखे ते जमिनीला चिकटते. पट्टा जरा सैल राहिला, तर त्यातून निसटते. त्याच्या गळ्याच्या हाडाचा खांद्याशी पक्का सांधा नसतो, ते हाड स्नायूंत तरंगते असते. म्हणून जेथून डोके गेले तेथून त्याचे सारे अंग जाते. शिवाय कुत्र्याच्या रक्तात कळप आहे, म्होरक्यामागून चालणे आहे. मांजराचा पूर्वज एकट्याने शिकार करणारा. कोणाच्या मागून चालण्याचा प्रसंग त्याला कधी आलाच नाही.

असे असूनही या मार्जारकुळातील एक मोठा प्राणी भारतातील राजांनी निदान आठशे वर्षे दोराला लावून, डोळ्यांवर टोपी घालून, बैलगाडीवर बसवून रानात नेला आणि शिकार झाल्यावर पुन्हा घरी आणला. तो प्राणी म्हणजे चित्ता. त्याला पट्टा स्वीकारावयास लावण्याची विद्या कशी होती आणि तिचे काय झाले, याची हकीकत मोठी विलक्षण आहे. आणि तिचे एक टोक, सहसा कोणाच्या ध्यानात न येणारे, तंजावरच्या मराठी राज्याशी जाऊन मिळते.

तंजावरच्या राजांना प्राण्यांविषयीच्या शास्त्रांचे अगत्य होते. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन केलेल्या या राज्यात विद्येचा मान मोठा. दुसरे सरफोजी यांनी तर सरस्वती महाल ग्रंथालय संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांनी समृद्ध केले, वैद्यकासाठी धन्वंतरी महाल उभारला आणि आपल्या घराण्याचा इतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. त्यांच्या दरबारच्या चितार्‍यांनी काढलेली पशुपक्ष्यांची चित्रे इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन याच्याकडे गेली आणि तेथून लंडनला पोहोचली. सरस्वती महालात नकुलाच्या नावावर असलेले अश्वशास्त्र आणि पालकाप्य मुनींच्या नावावर असलेले गजशास्त्र रंगीत चित्रांसह जतन झाले आहे. घोड्याची लक्षणे, हत्तीच्या जाती, त्यांचे रोग, त्यांचे शिक्षण, सारे काही तेथे पोथीत उतरलेले आहे. माहुताला अंकुश आणि चाबुकस्वाराला लगाम ही साधने मिळाली, तशी त्यांच्यामागे उभी राहणारी शास्त्रेही मिळाली. चित्तेवानाला मात्र असे भाग्य लाभले नाही. त्याची विद्या हातांत राहिली. ती शोधावयाची झाली तर राजांच्या दिनचर्येत, प्रवाशांच्या वृत्तान्तांत आणि चित्रांत शोधावी लागते.

अशा चित्रांतील एक चित्र इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या कलासंग्रहालयात आहे. ज्याने ते काढवून घेतले, त्याचे नाव तंजावरच्या इतिहासात ठळकपणे येते. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगॉट हा तो गृहस्थ. १७७३ साली कंपनीने अर्काटच्या नबाबासाठी तंजावर जिंकून तुळजाराजांना कैदेत टाकले होते. पुढे संचालकांच्या आज्ञेने पिगॉट मद्रासला परत आला आणि एप्रिल १७७६ मध्ये त्याने तुळजाराजांना पुन्हा गादीवर बसविले. नबाबाला कर्ज देऊन तंजावरच्या पिकांवर डोळा ठेवणार्‍या सावकार मंडळींना हे रुचले नाही. त्याच्याच कौन्सिलातील सभासदांनी ऑगस्टमध्ये त्याला अटक केली आणि मे १७७७ मध्ये अटकेतच त्याचा अंत झाला. एका मराठी राजाला गादी परत दिल्याबद्दल मद्रासचा गव्हर्नर स्वतः बंदिवान व्हावा, हे कंपनीच्या कारभाराला शोभण्यासारखेच म्हणावयाचे.

या पिगॉटची पहिली कारकीर्द १७६३ साली संपली होती. इंग्लंडला परतताना त्याने राजा तिसरा जॉर्ज याच्यासाठी एक शिकारी चित्ता आणि त्याला सांभाळणारे भारतीय नोकर बरोबर नेले. ३० जून १७६४ रोजी विंडसरच्या उपवनात जाळ्यांचे कुंपण घालून चित्त्यासमोर एक सांबरासारखा दांडगा इंग्रजी नर सोडण्यात आला. भारतात चित्त्याचे भक्ष्य म्हणजे काळवीट, अंगाने सडपातळ. येथे समोर शिंगे रोखून उभा राहिलेला पशू. चित्ता पुढे झाला, मागे हटविला गेला, पुन्हा पुढे झाला, पुन्हा हटविला गेला. अखेर त्याने जाळ्यावरून उडी मारली आणि बाहेरच्या कळपातील एक लहान जातीचे हरीण गाठून ठार केले. जमलेल्या सरदारांची धावपळ झाली असेल. चित्त्याच्या नोकरांनी मात्र जवळ जाऊन त्याला पुन्हा टोपी चढविली, पट्टा बांधला आणि परत आणले. त्या काळच्या इंग्रजांनी त्याला वाघच म्हटले. त्यांच्या भाषेत चित्त्यासाठी आज जो शब्द आहे तो पुढे आपल्याकडूनच गेला.

जॉर्ज स्टब्स या चित्रकाराने काढलेल्या चित्रात या प्रसंगाचा आरंभ आहे. दोन भारतीय सेवक, पुढे चित्ता, समोर मृग. चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी वर सरकविलेली आहे आणि एका सेवकाने त्याला कमरेच्या पट्ट्याने धरून ठेवले आहे. येथे पट्ट्याच्या जागेकडे लक्ष द्यावे. चित्त्याचे डोके मानेच्या मानाने लहान असते. नुसता गळपट्टा तो डोके मागे घेऊन सहज काढू शकतो. उलट त्याची छाती खोल आणि कंबर अगदी बारीक, म्हणून मागच्या पायांच्या पुढे कमरेला बांधलेला पट्टा ना पुढे सरकत, ना मागे. गळ्याचा पट्टा दिशा दाखविण्यास आणि कमरेचा थांबविण्यास, अशी ही जोडी मोगल चित्रांतही दिसते. कोणा अनामिकाच्या हातांनी हे शोधून काढले असणार.

आता शिक्षणाविषयी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या मृगयाप्रकारांत चित्त्याकडून हरणांची शिकार करविण्याचे वर्णन येते. नंतरचे सविस्तर वर्णन अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. पहिली गोष्ट ही की, पकडावयाचा तो वाढलेला चित्ता. पिल्लू पकडून उपयोग नसे. कारण शिकार कशी करावी हे त्याला त्याची आईच शिकविते आणि ते शिक्षण माणसाला देता येत नाही. माणसाने शिकवावयाचे ते एवढेच की, शिकार करून झाल्यावर पळून जाऊ नये. चित्ते ज्या झाडांशी वारंवार येऊन खोडावर नखे घासत, तेथे पारधी फासे लावीत. काही ठिकाणी खड्डे खणीत. सापडलेल्या चित्त्याचे डोळे ताबडतोब झाकले जात.

पुढचा भाग धीराचा. एकोणिसाव्या शतकातील वर्णनांवरून असे दिसते की, चित्त्याला चोहोबाजूंनी दोर लावून बाजेवर बांधीत आणि झोप लागू देत नसत. त्याच्याभोवती बायकामुलांना बसवून अखंड बोलावयास सांगत. माणसाच्या आवाजाने दचकणे थांबावे, हा हेतू. मग त्याला गर्दीच्या बाजारातून फिरवीत, ओरडा, गाड्या, कुत्री यांची सवय करीत. हातात लाकडी पळी, तीत मांसाचा तुकडा किंवा रक्त. त्या पळीमागे जो माणूस, तो आपला, एवढे त्याच्या मनावर ठसवावयाचे. चित्तेवान आणि चित्ता एकाच बाजेवर, एकाच कांबळ्याखाली झोपल्याचेही उल्लेख आहेत. मारून हा प्राणी वठणीवर येत नाही. अंकुशाला हत्ती वळतो आणि लगामाला घोडा. चित्ता मात्र दुखावला की मुका होऊन बसून राहतो किंवा संधी मिळताच निघून जातो. अर्थात झोप न देणे ही काही माया नव्हे. या शिक्षणात दया किती आणि जाच किती, हे चित्त्यालाच विचारावे लागले असते.

पूर्वी दोनतीन महिने लागणारे हे शिक्षण बादशहाच्या देखरेखीखाली अठरा दिवसांत होऊ लागले, असे अबुल फजल अभिमानाने सांगतो. यात दरबारी अतिशयोक्ती किती, हा भाग वेगळा. उत्तम प्रतीच्या चित्त्याला रोज पाच शेर मांस मिळे. शिकारीस निघताना त्याला बैलगाडीवर बसवीत, कारण काळविटांना शेतातल्या गाडीचे भय वाटत नाही. कळप टप्प्यात आला की टोपी काढावयाची, कमरेचा पट्टा सोडावयाचा. चित्ता हरिणाचा गळा धरून बसला की चित्तेवानाने धावत जाऊन पळीत रक्त धरावयाचे. चित्ता ते चाटू लागला की त्याच क्षणी टोपी पुन्हा डोळ्यांवर आणि पट्टा पुन्हा कमरेला. सारी विद्या या एका क्षणासाठी. घरच्या मांजरालाही आज पट्ट्याची सवय लावतात ती याच क्रमाने. पट्टा जवळ ठेवून खाऊ घालावयाचे, मग थोडा वेळ अंगावर, मग सैल दोर. आणि ओढावयाचे कधीच नाही.

परंतु एक गोष्ट या विद्येला कधीच साधली नाही. पट्टा पत्करलेला चित्ता पिल्ले देत नसे. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात लिहितो की, वडिलांनी हजार चित्ते जमविले होते आणि त्यांची जोडी जमावी अशी त्यांची फार इच्छा होती. नरमाद्यांना बागेत एकत्र सोडूनही ते झाले नाही. मग १६१३ च्या सुमारास एक नर आपला पट्टा निसटवून मादीकडे गेला आणि अडीच महिन्यांनी तिला तीन पिल्ले झाली. बंदिवासातील चित्त्याच्या प्रजननाची ही पहिली नोंद. तशी दुसरी घटना घडली ती १९५६ साली, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. मधली जवळजवळ साडेतीनशे वर्षे प्रत्येक दरबारचा प्रत्येक चित्ता रानातूनच आणावा लागे. हत्तीही बहुधा रानातूनच येत, हे खरे. पण चित्ता मुळात विरळ, आणि दरबारात त्याची किंमत मोठी. रानात पिल्ले वाढविण्याच्या वयाचाच प्राणी नेमका पकडला जाई. माळराने नांगराखाली गेली, बंदुका आल्या, काळवीट घटले. या सार्‍याने चित्ता नाहीसा झाला हे जितके खरे, तितकेच त्याला शिकविणार्‍या हातांनीही त्याचे रान रिकामे केले, हेही खरे.

याचा पुरावा भोसले घराण्याच्याच दुसर्‍या शाखेच्या राजधानीत, कोल्हापुरात मिळतो. छत्रपती शाहू महाराजांना आणि त्यांच्यामागून राजाराम महाराजांना चित्त्याच्या शिकारीचा मोठा षौक होता. कोल्हापुरात चित्तेखाना होता, पिढीजात चित्तेवान होते, गाड्या होत्या, टोप्या आणि पट्टे होते, चित्तेच मिळेनात. तेव्हा ते आफ्रिकेतून आगबोटीने आणले जाऊ लागले. १९१८ ते १९४५ या काळात भारतीय संस्थानांनी आफ्रिकेतून आणलेल्या चित्त्यांची संख्या दोनशेच्या आसपास भरते. त्यांत कोल्हापूर आणि भावनगर ही संस्थाने अग्रभागी होती. आफ्रिकेच्या माळावरचा चित्ता मराठी हाकेला ओळखू लागला आणि लाकडी पळीमागून चालू लागला, हे चित्तेवानांचे कौशल्य निःसंशय थोर; पण सरावाला मूळचा प्राणी उरला नसताना ते चालले होते.

१९४७ साली कोरियाच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले. १९५२ साली चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. त्याच १९५२ साली तंजावरच्या सरस्वती महालातून अश्वशास्त्र रंगीत चित्रांसह छापून प्रसिद्ध झाले. सहा वर्षांनी गजशास्त्रही आले. संस्थाने विलीन झाली तसे चित्तेखाने ओस पडले आणि चित्तेवानांच्या मुलांनी दुसरे उद्योग धरले.

सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या अरण्यात आणण्यात आले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा आले. त्यांच्याही गळ्यात पट्टे होते, रेडिओचे. त्या पट्ट्याला दोर नव्हता आणि दुसर्‍या टोकाला कोणाचा हात नव्हता. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांतील काहींच्या पट्ट्याखालची कातडी ओली राहून जखमा झाल्या आणि चिघळल्या. तेव्हा अनेक चित्त्यांना गुंगीचे औषध देऊन कुंपणात आणले गेले आणि त्यांच्या गळ्यातले पट्टे काढण्यात आले.